गिंडीच्या सर्पोद्यानामागची माणसे

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात गिंडी नावाचा विभाग आहे. एका अंगाला घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, दुसऱ्या अंगाला स्वातंत्र्यानंतर उभी राहिलेली औद्योगिक वसाहत आणि राजभवनाला लागून राखले गेलेले सुमारे २.७ चौरस किलोमीटरचे जंगल. मुंबईकरांना बोरिवलीचे जंगल जसे, तसे चेन्नईकरांना हे. फक्त आकाराने फारच लहान. १९७८ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. या जंगलाच्या कडेला १९७२ पासून एक सर्पोद्यान आहे. पुण्याचे कात्रजचे सर्पोद्यान सुरू झाले त्याच्या कितीतरी वर्षे आधीचे. गावाकडून आलेली कुटुंबे, शाळांच्या सहली, सुटीच्या दिवशी बाहेर पडलेले कामगार काचेपलीकडचा नाग पाहतात, त्याचे विष किती, तो चावला तर माणूस किती वेळ जगतो, असे प्रश्न विचारतात आणि घरी जातात. हा नाग शोधला कोणी, पकडला कोणी आणि कसा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे इरुळर ही आदिवासी जमात. सर्पोद्यानाचे संस्थापक रोम्युलस व्हिटेकर यांनी सापांविषयीचे आपले प्रत्यक्ष ज्ञान बऱ्याच अंशी याच लोकांच्या मागे रानोमाळ हिंडून मिळविले आणि ते त्यांनी वेळोवेळी मोकळेपणाने सांगितलेही आहे. उद्यान प्रसिद्ध झाले. त्यामागची माणसे मात्र दीर्घकाळ अंधारातच राहिली. तमिळमध्ये ‘इरुळ’ म्हणजे अंधार. जमातीचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.

लोक आणि त्यांचे श्रम

२०११ च्या जनगणनेनुसार तमिळनाडूत इरुळरांची संख्या सुमारे १ लाख ९० हजार होती. त्यांतील काही निलगिरीच्या उतारांवर राहतात. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो चेंगलपट्टू, कांचीपुरम, तिरुवळ्ळूर, विळुप्पुरम या सपाटीवरील जिल्ह्यांत विखुरलेल्या इरुळरांचा. तळ्याच्या बांधावर, कालव्याच्या काठी, गावाच्या शिवेबाहेर पाच-दहा झोपड्यांची वस्ती, हे त्यांच्या राहणीचे नित्याचे चित्र. केंद्र सरकारच्या यादीत ते विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. महाराष्ट्रात या यादीत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड आहेत.

कातकऱ्यांचे नाव येथे सहज आलेले नाही. रायगड-ठाण्यातील कातकऱ्याचे जीवन ज्याने पाहिले आहे, त्याला इरुळर परका वाटणार नाही. कातकरी खैराचा कात काढीत. जंगल कायद्यांनी खैर राखीव झाला आणि तो धंदा गेला. इरुळर सापाच्या कातड्यावर जगत. कायद्याने साप संरक्षित झाला आणि तो धंदा गेला. दोघेही शेतातील उंदीर पकडून खातात आणि त्यासाठी दोघांनाही गावाने हिणविले. वस्तुतः भातशेतीतील उंदीर पकडणे हे गावाच्या उपकाराचे काम आहे. इरुळर पहारीने बीळ खणतो, मडक्यात पेटवलेल्या पाल्याचा धूर बिळात फुंकतो, उंदीर धरतो आणि उंदराने साठवलेले भातही बाहेर काढतो. तोंडाने धूर फुंकता फुंकता ओठ भाजतात, छातीत धूर जातो. या श्रमाची किंमत मूठभर धान्य.

याशिवाय मध, औषधी मुळ्या, पंख फुटलेली वाळवी, खाडीतील कोळंबी. पुलिकतच्या खाजणात इरुळर स्त्री-पुरुष कमरेइतक्या पाण्यात वाकून हातांनी चिखल चाचपतात आणि सापडलेली कोळंबी दातांत धरलेल्या टोपलीत टाकतात. होडी नाही, जाळे नाही; हात, डोळे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती एवढेच भांडवल.

सापाच्या बाबतीत ही माहिती शास्त्राच्या योग्यतेला पोहोचलेली आहे. वाळूवरची पुसट रेघ सापाची की सरड्याच्या शेपटीची, कात टाकून साप कोणत्या बाजूला गेला, बिळाच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे अखंड आहे की मोडलेले, विष्ठा ताजी की वाळलेली, यांवरून तो निर्णय करतो. दहा बिळे सोडून अकरावे खणतो आणि साप तेथेच सापडतो. पाहणाऱ्याला ती जादू वाटते. ती निरीक्षणाची परंपरा आहे आणि ती बापाकडून मुलाला, आईकडून मुलीला चालता चालता शिकवली जाते.

कातड्याचा बाजार

हे ज्ञान पहिल्यांदा बाजाराच्या हाती लागले ते कातड्याच्या रूपाने. सापाच्या कातड्याचे पट्टे, बटवे आणि पादत्राणे यांना युरोप-अमेरिकेत मागणी होती. मद्रास हे चामड्याच्या निर्यातीचे जुने केंद्र. इरुळर साप मारी, कातडे सोली, ते गावच्या दलालाला देई; दलालाकडून ते कारखानदाराकडे आणि कारखानदाराकडून परदेशी जाई. साखळीच्या एका टोकाला उंची दुकान, दुसऱ्या टोकाला तळ्याच्या बांधावरची झोपडी. साप संपत चालले, उंदीर वाढत चालले आणि नफा मात्र मधल्या कड्यांतच अडकून राहिला.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७६ साली सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली. बंदी आवश्यक होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु बंदीचा भार कोणावर पडला? निर्यातदाराला दुसरा माल होता. कारखानदाराला बकऱ्याचे, गाईचे कातडे होते. इरुळराला दुसरे काहीच नव्हते. कालपर्यंत ज्या कौशल्यावर चूल पेटत होती, तेच कौशल्य एका रात्रीत गुन्हा ठरले. अनेक कुटुंबे उचल घेऊन भातगिरण्या, वीटभट्ट्या आणि लाकूडतोडीच्या कामावर गेली आणि त्या उचलीनेच त्यांना जखडून टाकले. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालचाच. पण त्यानंतर कित्येक दशके उत्तर तमिळनाडूतील भट्ट्यांवरून आणि गिरण्यांतून इरुळर कुटुंबांची सुटका करावी लागली आहे. रायगडच्या वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

मारण्याऐवजी जगवणे

या कोंडीतून जो मार्ग निघाला, तो १९७८ च्या डिसेंबरात नोंदल्या गेलेल्या इरुळर सर्पमित्रांच्या औद्योगिक सहकारी संस्थेचा. गिंडीच्या सर्पोद्यानाभोवती जमलेल्या मंडळींचा त्यात पुढाकार होता. संस्थेचे केंद्र मामल्लपुरमच्या रस्त्यावर वडनेम्मेली येथे, मगरींच्या संवर्धन केंद्राच्या आवारात आहे. कल्पना साधी होती. कातड्यासाठी साप एकदाच मरतो. विषासाठी तो जिवंत राहावा लागतो.

सभासद सरकारी परवान्यानुसार ठरलेल्या संख्येनेच साप पकडतात, आणि तेही चारच जातींचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पकडलेला साप कापडी पिशवीतून केंद्रावर येतो. त्याची नोंद होते, वजन होते, सभासदाला मोबदला मिळतो. मग साप मातीच्या मडक्यात ठेवला जातो आणि मडक्याचे तोंड सुती कापडाने बांधले जाते. आठवड्यातून एकदा, असे चार वेळा त्याचे विष काढतात. सापाचे दात काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पातळ पडद्यातून आत जातात आणि पिवळसर थेंब भांड्यात उतरतात. त्यानंतर पोटावरच्या खवल्यावर खूण करून साप पुन्हा रानात सोडला जातो. तोच साप लवकरच पुन्हा पकडला गेला, तर ती खूण त्याला वाचवते. विष थंडीत गोठवून सुकवले जाते आणि त्याची पूड प्रतिविष बनविणाऱ्या संस्थांकडे जाते. देशात तयार होणाऱ्या प्रतिविषासाठी लागणारे बहुतांश विष अनेक वर्षे या एकाच संस्थेने पुरविले आहे.

प्रतिविष तयार करण्यासाठी घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचतात आणि त्याच्या रक्तात निर्माण झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेने हे काम दीर्घकाळ केले आहे. अलिबागच्या, चिपळूणच्या किंवा गडचिरोलीच्या दवाखान्यात जी बाटली शेतमजुराचा प्राण वाचवते, तिच्या मुळाशी चेंगलपट्टूच्या माळावर पहार घेऊन हिंडणाऱ्या आदिवासीचे श्रम असतात.

सर्पदंश हा कोणाचा मृत्यू आहे, हेही पाहिले पाहिजे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. हे मृत्यू प्रामुख्याने खेड्यांतील आणि पावसाळ्यातील. अनवाणी लावणी करणारी बाई, काळोखात पाणी धरायला गेलेला शेतकरी, जमिनीवर झोपलेले आणि मण्यार चावल्याचे कळलेही नाही असे मूल. दारिद्र्याचा जो नकाशा, तोच जवळजवळ सर्पदंशाचा नकाशा. गरिबांतील अतिगरिबाने गरिबांसाठी औषधाचा कच्चा माल गोळा करावा आणि दोघांचीही एकमेकांशी ओळख नसावी, अशी ही स्थिती आहे.

समुद्राकाठची पौर्णिमा

सहकारी संस्थेचा हिशेब कागदावर मांडता येतो. परंतु विखुरलेल्या पाच-दहा झोपड्यांच्या वस्त्यांतून जमात म्हणून इरुळर टिकले, ते कशाच्या बळावर? याचे उत्तर मामल्लपुरमच्या वाळूवर मिळते.

तमिळ मासी महिन्यात, म्हणजे सामान्यतः माघी पौर्णिमेच्या सुमारास, इरुळर कुटुंबे समुद्रकिनारी जमू लागतात. बसने, टेम्पोने, रेल्वेने, डोक्यावर भांडी आणि काखेत मूल घेऊन. पल्लवांच्या दगडी मंदिराशेजारी जुन्या साड्या काठ्यांना बांधून राहुट्या उभ्या राहतात. यांची देवी कन्नियम्मा. ती कुमारिका, तिचे नागाशी नाते. ती रुसून समुद्रात गेली आहे आणि तिची समजूत घालून तिला परत आणायचे आहे, अशी श्रद्धा आहे. तिच्यासाठी मंदिर नसते. रात्र सरता सरता प्रत्येक कुटुंब वाळूचाच चौथरा करते, त्याला वाळूच्याच पायऱ्या, त्यावर फुले, नारळ, विडा, दिवा. भरती आली की देऊळ समुद्राला मिळते. ज्यांना शेकडो वर्षे जमिनीच्या तुकड्यावर हक्क मिळाला नाही, त्यांचे देऊळ हे असे.

पहाटेच्या उजेडात पाण्याच्या कडेला लग्ने लागतात. पुजारी जमातीचाच. बाळांची जावळे निघतात, नावे ठेवली जातात, कान टोचले जातात. काही स्त्रियांच्या अंगात कन्नियम्मा येते आणि लोक तिला विचारतात: आजार केव्हा जाईल, काम कोठे मिळेल. याच गर्दीत पुढच्या वर्षीच्या सोयरिकी जुळतात. साहजिकच याच गर्दीत बातम्याही फिरतात: कोणाचा भाऊ कोणत्या भट्टीवर आहे, कोणाच्या वस्तीवर घरजागेचे पट्टे आले, कोणाच्या मुलाला जातीचा दाखला मिळत नाही म्हणून शाळा सुटली. वर्षभर एकेकटी असलेली माणसे एका रात्रीपुरती आपली संख्या पाहतात. उत्सवाकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणारा सुशिक्षित आणि केवळ छायाचित्राचा विषय म्हणून पाहणारा पर्यटक, या दोघांच्याही नजरेतून ही गोष्ट निसटते. इरुळरांची ती वार्षिक सभा आहे. तिचे इतिवृत्त मात्र कोणी लिहीत नाही.

उत्तर ध्रुवाकडील अनुभव

शिकारी समाज, त्याचा सण आणि बाहेरून आलेली बंदी, हा प्रसंग केवळ तमिळ किनाऱ्यावरच आला असे नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ग्रीनलंड, कॅनडा, अलास्का आणि रशियाच्या पूर्व टोकाचा चुकोत्का या हिमप्रदेशात राहणाऱ्या इनुइट समाजाला जवळजवळ त्याच वर्षांत तो सामोरा आला. जुन्या पाठ्यपुस्तकांत या लोकांना ‘एस्किमो’ म्हटलेले असे.

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील इनुपिआत लोक बोहेड जातीच्या देवमाशाची शिकार करीत आले आहेत. एका देवमाशावर गाव महिनोन्‌महिने जगते. मांस विकायचे नसते. होडीचा नायक, त्याचे साथी, म्हातारे, विधवा असे वाटे रूढीने ठरलेले असतात. जूनमध्ये ‘नालुकाताक’ हा सण होतो. ज्या नायकाला देवमासा मिळाला तो साऱ्या गावाला जेवू घालतो आणि सीलच्या कातड्यांच्या मोठ्या चादरीवरून माणसांना उंच उडविण्याचा खेळ रंगतो. तिकडे कॅनडातील इग्लूलिक येथे कित्येक आठवड्यांच्या रात्रीनंतर जानेवारीत सूर्य परतला की जुने दिवे विझवून नवी ज्योत लावण्याची प्रथा होती.

१९७७ साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने बोहेडची शिकार पूर्णतः बंद करण्याचा निर्णय घेतला. देवमासे कमी झाले होते ते एकोणिसाव्या शतकातील व्यापारी जहाजांनी तेलासाठी केलेल्या कत्तलीमुळे; शिक्षा मिळत होती ती होडीतून हिंडणाऱ्या इनुपिआतांना. त्यांनी त्याच वर्षी आपली स्वतंत्र संघटना उभी केली आणि शास्त्रज्ञांना सांगितले की तुमची गणतीच चुकीची आहे. बर्फाच्या कडेवर उभे राहून समोरून जाणारे मासे तुम्ही मोजता. पुष्कळसे मासे बर्फाखालून आणि दुरून जातात. पुढे पाण्यात ध्वनिग्राहक सोडून मोजणी झाली, तेव्हा शिकाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. मर्यादित शिकारीचा हक्क परत मिळाला, सण टिकला.

सीलच्या कातड्याच्या बाबतीत असे झाले नाही. १९८३ साली युरोपीय देशांनी सीलच्या पिलांच्या कातड्यांची आयात रोखली. इनुइट शिकारी प्रामुख्याने मोठे सील मारीत; तरीही बाजारच कोसळला आणि गोळी, इंधन व पीठ ज्या रोकडीवर मिळे ती बंद झाली. बंदी घालताना त्यांना विचारले गेले नव्हते. पुढे २००९ च्या युरोपीय कायद्यात त्यांच्या शिकारीपुरता अपवाद करावा लागला. दूरच्या शहरातील बाजाराचा भाव आपल्या वस्तीचे भवितव्य ठरवितो, हा धडा त्यांनी घेतला. १९७७ मध्ये देशोदेशींच्या इनुइटांची परिषद स्थापन झाली होतीच. १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडात नुनावुत हा त्यांचे बहुमत असलेला प्रदेश अस्तित्वात आला.

दोन्ही अनुभवांचा अर्थ एकच निघतो. रानाचे रक्षण आणि रानात जगणाऱ्या माणसाचे रक्षण यांत मूलतः विरोध नाही. नियम करताना त्या माणसाला वगळले जाते आणि त्याच्या ज्ञानाची मालकी त्याच्याकडून काढून घेतली जाते, तेव्हा विरोध उत्पन्न होतो.

पुढचे प्रश्न

इरुळरांची संस्था हे मोठे यश आहे. पण त्या यशाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिचे सभासद तीन-साडेतीनशेच्या आसपास, आणि जमात जवळजवळ दोन लाखांची. साप पकडण्याची परवानगी आणि संख्या सरकार ठरविते. परवानगीचा कागद लांबला की हंगाम जातो आणि हंगाम गेला की चूल. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळरांना पद्मश्री मिळाली. २०१७ मध्ये हे दोघे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात गेले होते आणि तेथे उपद्रव माजविणारे अजगर त्यांनी पहिल्या दोन आठवड्यांच्या आतच १३ पकडले होते. सन्मान योग्यच झाला. परंतु ज्या समाजातील दोघांना राष्ट्रपती भवनात बोलावले जाते, त्याच समाजातील अनेकांना जातीच्या दाखल्यासाठी तहसीलीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आहेत. २०२१ च्या दिवाळीत मामल्लपुरमजवळच्या पूंजेरी गावी नरिकुरवर आणि इरुळर कुटुंबांना मुख्यमंत्र्यांच्या हस्ते पट्टे व दाखले वाटले गेले. स्वातंत्र्यानंतर ७४ वर्षांनी ही बातमी ठरावी, यातच सर्व काही आले.

आणखी एक प्रश्न शास्त्राने पुढे आणला आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशांत वेगळे असते, आणि तमिळनाडूतील विषापासून केलेले प्रतिविष दूरच्या प्रांतांत काही वेळा पुरेसे गुणकारी ठरत नाही, असे अलीकडच्या संशोधनातून दिसले आहे. तेव्हा विष अन्य प्रांतांतूनही गोळा करावे लागेल. ते काम कोण करील? ठेकेदार आणि खाजगी कंपन्या करतील, की इरुळरांच्या अनुभवाच्या आधारे त्या त्या प्रांतातील आदिवासींच्या सहकारी संस्था करतील? महाराष्ट्रात कोकणचे फुरसे आहे, देशावरची घोणस आहे, मण्यार सर्वत्र आहे. आणि रान जाणणारा कातकरी वर्षातील सहा-सात महिने वीटभट्टीवर आहे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे ध्येय केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केले. ते केवळ दवाखान्यांच्या यादीने साधणार नाही. विष गोळा करणाऱ्या हातांना योजनेत मालक म्हणून स्थान द्यावे लागेल.

मित्रहो, प्रतिविषाची बाटली हातात घेऊन पाहावी. तिच्यावर औषधाचे नाव असते, कंपनीचे नाव असते, मुदत असते आणि ते घोड्याच्या रक्तद्रवापासून केल्याची नोंदही असते. घोड्याचा उल्लेख होतो, इरुळराचा होत नाही. गिंडीच्या काचेपलीकडे नाग दिसतो, त्याला आणणारा दिसत नाही. माघी पौर्णिमेच्या रात्री मामल्लपुरमच्या वाळूवर मात्र तो दिसतो, बायकामुलांसह, हजारोंच्या संख्येने. त्याला तेथे जाऊन भेटावे आणि त्याची सभा काय ठरविते ते ऐकावे. कायदे आणि योजना त्यानंतर लिहाव्यात.